रोबोट जिंकला, पण पाना कोणाच्या हातात होता?

रोबोटिक्सच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना ‘जिंकणं महत्त्वाचं नाही, भाग घेणं महत्त्वाचं’ असं सांगणारे मला पटत नाहीत. महिनोन्‌महिने मोटारी, सेन्सर आणि वायरींशी झटापट करणाऱ्याला ट्रॉफी हवी असते, आणि ती हवीच असावी. आपल्या वस्तीतल्या मुलांनी तर ती जरा हट्टानेच मागावी. प्रश्न एवढाच, की त्या ट्रॉफीसाठी आपण कोणाला बाजूला सारतो?

सुट्टीच्या दिवशी मी शाळकरी मुलांच्या एका संघाला मदत करतो. स्पर्धा जवळ आली की काय होतं ते ठरलेलं आहे. प्रोग्रॅमिंग हळूच सरांच्या लॅपटॉपवर सरकतं. मुली पोस्टर रंगवायला बसतात. कोणी मुद्दाम करत नाही. ‘वेळ कमी आहे, ज्याला पटकन येतं त्याला करू दे’, एवढंच. पण पटकन येतं कोणाला? ज्याच्या घरी आधीपासून लॅपटॉप आहे त्याला. म्हणजे शिकायची सगळ्यात जास्त गरज ज्याला, तोच बघ्या होतो.

हा धोका या स्पर्धा उभ्या करणाऱ्यांना ठाऊक होता. डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिथे एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा शब्द रुजवला: जीव तोडून खेळा, पण समोरच्याचा मान राखून. हा नुसता उपदेश राहिला नाही, नियमांत आला. २०१२ च्या खेळात मैदानावर एक पूल असा होता, की त्यावर दोन्ही बाजूंच्या रोबोटांनी मिळून तोल साधला तर दोघांनाही क्रमवारीचे गुण मिळत. लहान मुलांच्या लेगो लीगमध्ये रोबोटच्या मैदानी कामगिरीला एक चतुर्थांशच वजन असतं. रोबोटची रचना, प्रकल्प आणि संघाची वागणूक यांनाही तेवढंच. परीक्षक मुलांशी बोलतात, तेव्हा सरांनी लिहिलेला प्रोग्रॅम लपत नाही.

अफगाणिस्तानच्या हेरातमधल्या मुलींचा संघ आठवतो? २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्पर्धेसाठी त्यांना दोनदा व्हिसा नाकारला गेला, मग ऐनवेळी मिळाला. पहिला क्रमांक आला नाही. धाडसी कामगिरीसाठी रौप्यपदक मिळालं. पण २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा हेरातच्या या मुलींच्या संघाने जुन्या टोयोटा कोरोला गाडीचे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटरचा नमुना बनवला. पुढच्याच वर्षी तालिबान परतले आणि संघातल्या अनेकींना देश सोडावा लागला. पदक मागे राहिलं असेलही, हातातलं काम त्यांच्यासोबत गेलं. दुसऱ्या कोणी रोबोट बनवून दिला असता, तर काय सोबत नेलं असतं?

आमच्या संघात आता मोठ्यांनी माउसला हात लावायचा नाही, आणि प्रत्येकाने, प्रत्येकीने, निदान एक फेरी रोबोट चालवायचाच. काम रखडतं. मुलं कुरकुरतात. ‘सर, असं केलं तर हरू ना?’ असं एकाने विचारलंच. हरू शकतो, हे मी त्याला सांगितलं.

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनी रविवारचे दोन तास जवळच्या शाळेला द्यावेत. अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. आधी एवढंच विचारा, की खोली कुलूपबंद तर नाही ना, आणि चावी कोणाकडे असते.