पाटे बसले, राव!

तुमच्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी जीप असेलच. पुढे दणकट लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर घडीचा तंबू आणि मागे दोन जेरीकॅन. सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगते आणि शनिवारी ताम्हिणीत जाऊन कांदाभजी खाऊन परत येते. आमच्या बिल्डिंगमधली ती जीप कोणाची? अर्थातच माझ्या सख्ख्या दादाची!

दादाने सेकंडहँड जीप घेतली तेव्हा ती एकदम साधी होती. मग दर इन्क्रिमेंटला एक नग चढत गेला. कुणी बोनसमधून सोनं घेतं, दादा लोखंड घेतो. वहिनी पहिल्यांदा हसायची, मग गप्प बसायला लागली. आणि हळूहळू जीपही बसायला लागली. लांबून बघितलं की वाटायचं, मागच्या सीटवर कुणीतरी अदृश्य पहिलवान बसलाय.

"लूक आहे तो," इति दादा.

हा लूक काय करू शकतो ते एका शुक्रवारी रात्री कळलं. ऑफिस सुटल्यावर दिवेआगरला निघालो होतो. दादा, वहिनी, मी आणि माझी पाच वर्षांची भाची. ताम्हिणीत समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला डिपर मारत होता. दादा वैतागून म्हणाला, "अरे, लो बीमवरच आहे मी!" खरंच होता. पण मागून गाडी खाली बसली की नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाट उतरताना एका वळणावर खड्डा आला. मागून धाडकन आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग उडी मारून बाहेरच्या बाजूला सरकला. कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. कुणाला काही झालं नाही. "आत्या, जीप उडाली?" एवढंच भाची म्हणाली. वहिनीने मात्र माणगाव येईपर्यंत एक शब्द काढला नाही. परत आल्यावर काढला. "ही गाडी नीट होईपर्यंत पोरगी तिच्यात बसणार नाही."

टोटल फुलस्टॉप!

शॉकअपचा शॉक

दादाने पहिली चूक केली ती नव्व्याण्णव टक्के लोक करतात. एका चकाचक वर्कशॉपमध्ये जाऊन महागडे शॉक अॅब्सॉर्बर बसवून आला. पंधरा दिवसांनी बघितलं तर जीप होती तेवढीच बसलेली.

कारण सोप्पं आहे. गाडीचं वजन शॉकअप पेलतच नाही, ते पेलते स्प्रिंग. स्प्रिंग दबली की परत वर येताना गाडी पाळण्यासारखी झुलत राहू नये, म्हणून तिला आवर घालणं एवढंच शॉकअपचं काम. गाडी झुलत असेल तर शॉकअप बघा, गाडी बसली असेल तर स्प्रिंग बघा. एवढा फंडा आधी क्लिअर असता तर दादाचा अर्धा पगार वाचला असता.

तुमच्या गाडीला स्प्रिंग कुठली आहे, हेही माहीत हवं. जिप्सीला चारही चाकांवर पाटे. २०१० ते २०२० च्या काळातल्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे. २०२० च्या नव्या थारला आणि २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला चारही बाजूंना कॉइल. दादाची जीप पुढे टॉर्शन बार, मागे पाटे अशा जातकुळीतली.

आधी काटा, मग पाना

शेवटी ऑफिसच्या ड्रायव्हरने सोलापूर रस्त्यावरच्या एका पाटेवाल्याचा पत्ता दिला. ट्रकचे पाटे बांधण्यात या चाचांचं आयुष्य गेलेलं. दादा उत्साहाने म्हणाला, "चाचा, मागे दोन-दोन पाटे जास्त घाला, काम खल्लास!"

चाचांनी जीपभोवती एक फेरी मारली. "साहेब, वजन किती आहे गाडीचं?"

दादा गप्प. दोन इन्क्रिमेंटचा टॅक्स तोंडपाठ असणाऱ्या माणसाला आपल्या गाडीचं वजन माहीत नव्हतं.

"मग पाटा कशाच्या हिशोबाने बांधू? आधी काट्यावर जाऊन या."

हायवेवरच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. म्हणजे कुठल्या बाजूला किती भार आहे ते वेगळं कळतं. मग टपरीवर चहा पिता पिता बिलं आणि बॉक्सवरचे आकडे आठवून मी यादी केली. पुढचा बंपर ५५ किलो. विंच, स्टीलच्या दोरासकट ३८. मागचा बंपर आणि टायरचं कॅरिअर ४०. टपावरचं कॅरिअर ३०, त्यावर तंबू ६०. दोन भरलेले जेरीकॅन ४२ (वीस लिटर डिझेलच साधारण १७ किलो भरतं, वर डबा). उंच जॅक १४. जादा बॅटरी २०.

बेरीज २९९ किलो! म्हणजे ७५ किलोची चार माणसं, ऑफिसला जातानासुद्धा, चोवीस तास गाडीत बसलेली. त्यात आम्ही चौघं आणि बॅगा. कंपनी प्रत्येक गाडीला सामान आणि माणसांसकट जास्तीत जास्त वजनाची मर्यादा ठरवून देते, ती मॅन्युअलमध्ये छापलेली असते. दिवेआगरला जाताना आम्ही ती ओलांडून बसलो होतो.

आणखी एक गंमत. बंपर आणि विंच पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतात. त्यामुळे त्यांचा भार पुढच्या अॅक्सलवर त्यांच्या वजनापेक्षाही जास्त पडतो. सी-सॉच्या टोकाला बसलेल्या जाड्या मुलासारखं! मागच्या बंपरचं आणि जेरीकॅनचं मागे तेच होतं.

मग ताम्हिणीत झालं काय होतं? पाटे आधीच इतके दबलेले की खड्ड्यात आणखी दबायला जागाच नव्हती. अॅक्सल थेट रबराच्या ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर आदळला. तिथून पुढे स्प्रिंग नाहीच. चाक क्षणभर रस्ता सोडतं आणि वळणावर असाल तर गाडी सरकते.

चाचांचा इलाज

"पाटे जास्त घातले तर गाडी वर येईल," चाचा म्हणाले, "पण वजनाची मर्यादा नाही वाढणार. ब्रेक तेच, अॅक्सल तोच, चेसिस तीच. आधी उतरवा. उरेल त्याचा पाटा बांधतो."

उतरवणं सुरू झालं. पहिला गेला पुढचा बंपर. तसाही तो कायद्यात बसत नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा तो भंग आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर ते लोखंड जिवावर बेततं आणि एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरच्या कामात अडथळा येऊ शकतो. बंपर गेला म्हणून विंचही गेलं. मी विचारलं, "दादा, विंच वापरलं कितीदा?" एकदा. सोसायटीच्या गेटपाशी सिमेंटची कुंडी ओढायला. मग जेरीकॅन, जादा बॅटरी आणि मागचा बंपर उतरला. तंबू आणि कॅरिअर फक्त लांबच्या ट्रिपला चढवायचं ठरलं. उंच जॅक तेवढा राहिला.

मग चाचांनी पाटे खोलले. एका पाट्याला केसासारखी चीर, बुश झिजलेले. जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येते आणि ते स्वस्तही पडतं. पण थकलेलं पोलाद नुसतं ठोकून सरळ केलं तर काही महिन्यांत परत बसतं. म्हणून नवा सेट घातला, नेहमीच्या वजनाला पुरेल असा. एकही पाटा जादा नाही! कारण जादा पाटे घातले की रिकामी गाडी दगडासारखी आपटते आणि मणक्याचं बिल वेगळं येतं.

पुढचा टॉर्शन बार आधीच्या वर्कशॉपने बोल्ट आवळून 'वर' केला होता. त्याने गाडी उंच दिसते, पण बार जास्त ताकदवान होत नाही. उलट चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके चालून लवकर झिजतात. पुढचं वजन उतरल्यावर चाचांनी तो बोल्ट परत मूळ जागी आणला.

कॉइलवाल्यांनो, तुमच्यासाठीही तोच नियम. कॉइलमध्ये रबराचा बफर किंवा वर स्पेसर घातला म्हणजे इलाज झाला असं नाही. स्पेसर फक्त उंची देतो, ताकद नाही. बफर उंची धरतो, पण चाकाची हालचाल खातो. भार कायमचा असेल तर त्या भाराची कॉइल घ्या. कधीमधीच असेल तर कॉइलमध्ये बसणारी हवेची पिशवी हा चांगला पर्याय, रिकाम्या गाडीत हवा कमी करता येते. आणि स्प्रिंग कडक झाली की शॉकअपही तिला आवरणारा हवा. म्हणजे आधी स्प्रिंग, मग शॉकअप. दादाने बरोब्बर उलटं केलं होतं.

आणि हो, उंची कंपनीची होती तेवढीच परत मिळवायची, वाढवायची नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केलंय.

फ्रिजवर चिकटवा

- सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. गाडी बसतेय का, ते डोळ्यांना उशिरा कळतं, टेपला लगेच.
- कुठलीही अॅक्सेसरी घेताना किमतीसोबत वजनही विचारा.
- पाट्यांचं काम झाल्यावर यू-बोल्ट काही दिवसांनी परत आवळून घ्या, नवे पाटे थोडे बसतातच.
- अलाइनमेंट आणि हेडलाइटचा फोकस तपासल्याशिवाय रात्री घाटात जाऊ नका.
- काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मागच्या उंचीवरून ठरतो. उंची बदलली की तो व्हॉल्व्हही सेट करून घ्या.

गेल्या महिन्यात परत दिवेआगरला गेलो. तोच घाट, तीच रात्र, एकानेही डिपर मारला नाही. वहिनी पुढच्या सीटवर चक्क झोपली होती. दादा तेवढा जरा उदास. "काहीच नाही राहिलं यार गाडीवर," म्हणाला.

मागून भाची म्हणाली, "आपण आहोत ना, बाबा!"

दादाने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि गिअर टाकला. विंच विकायचंय. कुणाला हवंय का?