बेणे वाडवडिलांचे, मशागत आपली



साखर कारखान्याच्या पत्रकात मधुमेहावर लेख पाहून काहींना हसू येईल. पण फुलसावंगी गटात ऊसनोंदी घेत फिरताना बांधावर जे कानी येते, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. लागणीची तारीख विचारावी, तर आधी शुगरचा आकडा कळतो. आणि पुढचे वाक्य ठरलेले: "साहेब, शुगर त गोळीनं आटोक्यात हाये. अन् मी काडीसारखा बारीक. मले कायचा हार्ट अटॅक?"

आमचे वडीलही असेच म्हणत. अंगाने काटक, बारा महिने शेतात, शुगर नियमित तपासलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी उसाला पाणी देऊन घरी आले, छातीत कळ आली आणि गेले. त्यांचे कोलेस्टेरॉल कधी कोणी तपासलेच नव्हते. पुढे आमचे तपासले, तेव्हा शुगरबरोबर तेही वाढलेले निघाले. थोरल्या बहिणीचे मात्र दोन्ही व्यवस्थित. एकाच चुलीवरचे अन्न, एकाच विहिरीचे पाणी. मग फरक कशाचा?

फरक वारशाचा. ८६०३२ आणि २६५ एकाच रानात, एकाच खतावर लावले तरी सारखे येत नाहीत, हे आपण जाणतोच. उसाच्या एका कांडीपासून वाढवलेली सारी बेटे एकाच गुणाची असतात. माणसाचे तसे नाही. अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा, आणि प्रत्येक लेकराची वाटणी वेगळी.

रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, यकृत किती वेगाने उचलते हे पुष्कळसे जनुकांवर ठरते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कृष्णवर्णीय लोकांत पीसीएसके-९ या जनुकात बदल आढळला. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होते आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. उलट बाजूही आहे. नॉर्वेच्या केरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेले लायपोप्रोटीन-ए ज्यांच्या रक्तात जास्त असते, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. त्याचे प्रमाण बहुतांशी वारशानेच ठरते. पथ्याने फारसे हलत नाही.

अशा वारशात मधुमेहाची भर पडली की चोपण रानात पाणी साचावे तशी गत होते. मधुमेहात बहुधा ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि एलडीएलचे कण बारीक व जास्त घातक होतात.

आता बारीक अंगाविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी, अशी आपली ठेवण. यात केवळ जनुके नाहीत. आईच्या पोटात असतानाचे पोषणही येते, असे डॉ. याज्ञिक सांगत आले आहेत. बेणेमळ्याची निगा राखली तर बेणे चांगले मिळते, तसेच हे.

"रक्तातच आहे, मग करून काय उपयोग?" असे विचारणारेही भेटतात. आमचे मत नेमके उलट आहे. वारसा वाईट, म्हणूनच मशागत जास्त हवी. ब्रिटन व आयर्लंडमध्ये हृदयविकार नसलेल्या मधुमेहींना कोलेस्टेरॉलची गोळी देऊन पाहिली. २००४ साली निष्कर्ष आला: हृदयविकार, पक्षाघात असे मोठे आघात ३७ टक्क्यांनी कमी. २०२४ साली कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने मधुमेहींना जास्त धोक्याच्या वर्गात धरून एलडीएल ७० च्या खाली ठेवावे, असे सांगितले. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तरी तपासावे, असेही. गोळी अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तंबाखू सोडणे, रक्तदाब सांभाळणे, चालणे, हे तर आपल्याच हाती आहे.

माती परीक्षणात नुसते नत्र पाहून आपण थांबत नाही. स्फुरद, पालाशही पाहतो. मग रक्ताची नुसती शुगर पाहून समाधान का मानावे? हंगामापूर्वीच्या आरोग्य शिबिरात शुगरबरोबर कोलेस्टेरॉलची तपासणीही व्हावी आणि तिचा लाभ ऊसतोड कामगारांनाही मिळावा, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे. ज्यांच्या घरात वडील, काका वा भाऊ ऐन उमेदीत हृदयविकाराने गेले, त्या सभासदांनी शिबिराचीही वाट पाहू नये.

वडिलांच्या वेळी हे आम्हांला कोणी सांगितले नाही. तुम्हांला सांगितले नाही, असे व्हायला नको, म्हणून हा लेखनप्रपंच.

– ऊस विकास अधिकारी