गिरणी उभी राहिली तर मॉल, पाडली तर टॉवर!

गिरणगावातल्या जुन्या गिरण्यांचे काय करायचे, हा प्रश्न वारसाप्रेमी मंडळी वास्तुरक्षणाचा म्हणून मांडतात. आमच्या दृष्टीने तो हक्काचा प्रश्न आहे. या भक्कम इमारतींत कामगारांची परवडणारी घरे, अभ्यासिका, वाचनालय, सभागृह का होऊ नये? फिनिक्स मिलच्या आवारात मॉल होतो, मग घरे का नाहीत?

उत्तर कायद्यात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरणीच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सांगितली : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. पण उभ्या इमारतीचा व्यापारी वापर करायला त्याच नियमाने मुभा ठेवली. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. इमारत पाडून रिकामी झालेली जमीनही मोकळीच, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. एका शब्दाने शेकडो कोटींची जमीन मालकांच्या पदरात पडली आणि कामगार दोन्हीकडून बाहेर!

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. म्हाडाची पहिली सोडत निघायला मात्र २०१२ उजाडले. घरे ६,९२५, अर्जदार लाखाहून अधिक! आता उरलेल्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये कामगार व वारस आझाद मैदानावर उतरले.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. याच गिरण्यांत धोट्यातला धागा ओठाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना विणकाम खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. तेव्हा नुसती भिंत वाचवून भेद मिटत नाही. घर कोणाला आणि सभागृहाची किल्ली कोणाकडे, हे आधी कागदावर लिहून घ्यावे लागते.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या इमारती आजही उभ्या आहेत. त्यांच्या पुनर्वापराच्या प्रत्येक परवानगीत कामगार-वारसांच्या घरांचा ठराविक वाटा बंधनकारक करा. सभागृह, अभ्यासिका सार्वजनिक मालकीची आणि सर्वांना खुली ठेवा. ही भीक नव्हे, घामाचा हिशेब आहे. कायद्यातल्या एका शब्दाने घर गेले. ते परत मिळवायचे तर आपल्यालाही कायदा शब्दाशब्दाने वाचावा लागेल आणि रस्त्यावरही उतरावे लागेल.