शनिवारचा आनंद आणि सोमवारची शाळा

मार्च 2024 मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. शनिवारी मुलांनी प्राणायाम व योगासने करावीत, खेळावे, आरोग्य कसे सांभाळावे, रस्त्यावर कसे वागावे, पैशाचा हिशेब कसा ठेवावा, मनावरचा ताण कसा हलका करावा, हे कृतीतून शिकावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. हेतू निःसंशय चांगला आहे. मुलांच्या मनःस्वास्थ्याचा विचार शासनाच्या कागदावर यावा, ही गोष्टच मुळी स्वागतार्ह म्हटली पाहिजे. परंतु त्या नावातच एक कबुली दडलेली आहे. आठवड्यातला एक दिवस आनंददायी म्हणून मुद्दाम राखून ठेवावा लागतो, तेव्हा उरलेल्या पाच दिवसांविषयी आपण नकळत काय सांगून जातो, याचा विचार शिक्षकांनी, पालकांनी आणि शिक्षणखात्यानेही करावयास हवा.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याचे 29 वे कलम पाहावे. शिकणे हे कृती, शोध आणि अन्वेषण यांतून व्हावे. मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे. त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. आणि शक्य तेथवर त्याच्या मातृभाषेतून शिकवावे, असे त्या कलमात स्पष्टपणे नमूद आहे. हे सारे शनिवारपुरते आहे, असे कायदा म्हणत नाही. ज्याला आपण हौशी शिक्षकाचा उपक्रम समजतो, ते वास्तविक सोमवारच्या पहिल्या तासापासून प्रत्येक मुलाचे कायदेशीर देणे आहे.

मग हे देणे आजवर का फेडले गेले नाही? शिक्षकांना कळत नाही म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. महाराष्ट्राला या विषयाची ओळख नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्येच नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली होती. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम आरंभले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द त्यातून जन्माला आला. मुलाच्या जगण्याकडे पाहून शाळेने आपली घडी बदलावी, हा त्या कामाचा गाभा होता.

याउलट, वरून आलेल्या चांगल्या कल्पनांचे पुढे काय झाले, तेही वाचकांच्या स्मरणात असेल. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. हाताने काम करताना मुलाची बुद्धी आणि स्वभाव घडतो, हा त्यामागचा विचार. कालांतराने कितीतरी शाळांत कार्यानुभवाचा तास गणिताचे उरलेले प्रकरण संपवण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि परीक्षेची वस्तू मुलाऐवजी त्याची आई करू लागली किंवा ती बाजारातून येऊ लागली. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून शिक्षकाने त्याच्याविषयी आपल्या शब्दांत नोंद करावी, ही कल्पना किती सुंदर! परंतु नोंदवहीची तपासणी सुरू झाली, आणि ‘वर्णनात्मक नोंदी’ यांची तयार पुस्तके बाजारात मिळू लागली. ज्या मुलाकडे पाहावयाचे, ते बाजूलाच राहिले. नोंद मात्र वेळेवर पूर्ण झाली.

‘आनंददायी शनिवार’ही याच वाटेने जाण्याचा धोका आहे. मुलांना गोलात बसवावयाचे, छायाचित्र काढावयाचे, ते वरिष्ठांच्या गटावर पाठवावयाचे, आणि मग मुलांना पुन्हा ओळीत बसवावयाचे, असे कोठे घडत असेल, तर त्यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. ज्या व्यवस्थेत काम केल्यापेक्षा काम केल्याचा पुरावा अधिक मोलाचा ठरतो, तेथे माणूस पुरावाच तयार करू लागतो.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील एका शाळेचे उदाहरण पुन्हा नीट पाहण्याजोगे आहे. 3 डिसेंबर 2020 रोजी माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे ठरवले, याचेही तेव्हा कौतुक झाले. त्यांच्या कामातले लोकांच्या लक्षात राहिले ते पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. परंतु प्रस्तुत लेखकाला त्याहून मोलाची वाटते ती त्या मागची पहिली पायरी. 2009 मध्ये ते त्या शाळेत आले, तेव्हा तेथील अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना परकी होती. त्यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पुस्तकातील मजकूर मुलींना कळेल अशा भाषेत आणला, असे पुरस्काराच्या वेळी सांगितले गेले. कोड ही नंतरची गोष्ट. मूल काय बोलते हे आधी ऐकून घेणे, ही खरी कृती. आपण मात्र कोड उचलला आणि ऐकून घेणे तेथेच सोडून दिले.

सोलापूरकरांना हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू. कोणाचे वडील यंत्रमागावर, कोणाची आई विड्या वळणारी. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुले वेगळीच. अशा वर्गात पहिलीच्या मुलाला तोंड उघडण्याचे धैर्य होत नाही, तेव्हा आपण त्याला ‘मंद’ म्हणतो. त्याच्यापाशी शब्द नाहीत असे नव्हे; त्याच्या शब्दांना वर्गात जागा नाही, एवढेच खरे.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची ओळख, दुसऱ्याविषयी समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध जपणे, तणावाशी आणि भावनांशी जुळवून घेणे, अशी ती यादी आहे. ही यादी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेता येईल, आणि तसे झाले तर तिच्यासारखी निरुपयोगी गोष्ट दुसरी नाही. समानुभूतीची व्याख्या लिहून पाच गुण मिळवणारा मुलगा मधल्या सुट्टीत शेजाऱ्याचा डबा लाथाडू शकतो. ही कौशल्ये सांगून येत नाहीत, वापरून येतात. आणि ती वापरण्याची जागा स्वतंत्र तासात नसून भाषेच्या, गणिताच्या, परिसर अभ्यासाच्या तासातच आहे.

काही साध्या गोष्टी पाहाव्यात. चौथीच्या वर्गात रंगीत कागदाच्या पट्ट्या देऊन ताणा आणि बाणा विणायला सांगितले, तर मुले आकृतिबंध आणि पटी शिकतात. चूक झाली की चार ओळी उसवून पुन्हा विणावे लागते, हेही शिकतात. विडीची मजुरी हजारावर ठरते, हे ज्या घरातील मुलीला ठाऊक आहे, तिला शेकडा आणि हजार यांचा हिशेब वर्गाला समजावून सांगू द्यावा. आईच्या श्रमाची लाज वाटण्याऐवजी त्याचे मोल तिला कळेल. मराठीच्या तासाला एक गोष्ट प्रत्येकाने आधी घरच्या भाषेत सांगावी आणि मग सर्वांनी मिळून तिचे मराठी करावे. सातवी-आठवीच्या मुलामुलींनी एखाद्या मुलीचे लग्न घरच्यांनी घाईने ठरवले आहे, अशा प्रसंगाचे छोटे नाट्य बसवावे. बापाची भूमिका मुलीने करावी आणि मुलीची मुलाने. नकार कसा द्यावा, मदत कोणाकडे मागावी, हे त्यातून जितके उमगते, तितके दहा व्याख्यानांतून उमगणार नाही. वर्गात भांडण झाले तर शिक्षा फर्मावण्यापूर्वी दोन्ही बाजूंना बोलू द्यावे आणि तोडगा वर्गाने सुचवावा. यांपैकी कशालाही निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि शिक्षकावरचा विश्वास.

याविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप पालकांचा. खेळण्यात वेळ गेला तर अभ्यास कधी होणार, असे ते विचारतात. आणि मुलाच्या गुणांवरच घराची पुढची आशा टांगलेली आहे, अशा घरातून तो प्रश्न आला तर तो हसण्यावारी नेण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याचे उत्तर एवढेच की, वरील कृतींत अभ्यास बाजूला पडत नाही. तोच अभ्यास मुलाच्या हातून होतो. ज्या उपक्रमात पाठ नाही, तो करमणूक ठरेल. आणि पालकांचा आक्षेप तेथे रास्तच आहे.

दुसरा आक्षेप असा की, शिक्षक हा काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. हेही मान्य केले पाहिजे. मनातले लिहून टाकण्यासाठी वर्गात पेटी ठेवली आणि एखाद्या चिठ्ठीतून मुलावरील अत्याचाराची गोष्ट बाहेर आली, तर ती गोष्ट वर्गात वाचून दाखवावयाची नसते आणि दडपूनही ठेवावयाची नसते. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावयास हवा. उपचार हे तज्ज्ञांचेच काम. परंतु मुलाचा चेहरा उतरलेला पहिल्यांदा दिसतो तो वर्गशिक्षकालाच. त्याने पाहावे, ऐकावे आणि योग्य ठिकाणी पोहोचवावे, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा स्वतःचा, आणि तो सर्वांत खरा आहे: वेळ कोठे आहे? शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई करते. तरीही सर्वेक्षणे, याद्या, ऑनलाइन माहिती आणि तातडीचे अहवाल यांत त्यांचा किती वेळ जातो, हे कोणत्याही शाळेच्या कार्यालयात अर्धा तास बसल्यास दिसेल. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरीत बसला की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळावयाचे, ही स्थिती असताना तेथे सर्जनशीलतेची अपेक्षा करणे, म्हणजे मागावर बसलेल्या माणसाचे हात बांधून नक्षीची फर्माईश करण्यासारखे आहे.

म्हणून मागणे फार मोठे नाही. उपक्रम कोणता घ्यावा, हे शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून ठरवावे. वरून वेळापत्रक येऊ नये. त्याची छायाचित्रे आणि अहवाल मागवणे बंद करावे. त्याऐवजी केंद्रातील शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शिक्षकाने आपल्या वर्गात काय केले, काय फसले आणि का फसले, हे मोकळेपणाने सांगावे. फसलेला प्रयोगही कौतुकास पात्र ठरावा. अधिकाऱ्यांनी शाळेत आल्यावर वही मागण्यापूर्वी पाच मिनिटे मुलांशी बोलावे. मुले बिचकत नसतील, प्रश्न विचारीत असतील, तर उपक्रम चालू आहे. आणि ती गप्प असतील, तर भिंतीवरचे सर्व तक्ते व्यर्थ आहेत.

सोलापूरच्या चादरीची नक्षी वरून टाचलेली नसते. ती विणीतच असते. म्हणून वर्षानुवर्षे धुऊनही ती जात नाही. शाळेतला आनंदही असाच विणीत यावयास हवा. शनिवारी टाचलेला आनंद सोमवारपर्यंत टिकत नाही, हे मुलांना आपल्याआधी कळते. शासनाने शनिवार दिला, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत; आता शिक्षकाला सोमवार परत द्यावा.