विमा मंडळाचा, नुकसान प्लॉटचं



२०२३ साली राज्य सरकारनं एक रुपयात पीक विमा आणला तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अर्ज भरले. रुपयाच जातोय, जाऊ दे. २०२५ च्या खरिपापासून ते बंद झालं. आता भात-नागलीला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरायचा. खिशातून पैसे जायला लागले की माणूस विचारतोच, मिळतं काय? गावसभेत यावर नीट बोलणं झालेलं नाही म्हणून इथं लिहितेय.

विमा कंपनी तुमच्या शेतात येऊन नुकसान बघत नाही. अख्ख्या महसूल मंडळात एका पिकाचे साधारण १० कापणी प्रयोग होतात. त्याची सरासरी मंडळाच्या उंबरठा उत्पन्नाशी ताडून बघतात. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आहे. मंडळाची सरासरी ८ आली तर विमा रकमेच्या २० टक्के मिळतील. सरासरी ११ आली तर कुणालाच काही नाही, मग तुमच्या प्लॉटवर दोनच क्विंटल पिकू देत. मंडळात खालच्या अंगाला नदीकाठची खाचरं आहेत, वरती आपले वरकस उताराचे प्लॉट. पावसानं ओढ दिली की आधी वाळतं ते वरचं. खालच्या भातानं सरासरी राखली की आपलं वाळलेलं कागदावर दिसतच नाही.

आणि भात कापून पसरलं, वरून पाऊस आला, तर? पूर्वी त्याची भरपाई योजनेत होती. २०२५ च्या खरिपात राज्यानं ती वगळली, फक्त कापणी प्रयोग ठेवला. वरईचं तर राज्याच्या विमा पिकांच्या यादीत नावच नाही. आपल्या कितीतरी घरांत वर्षाचं खाणं वरईवर असतं, पण जे बाजारात मोठं नाही ते सरकारला पीक वाटत नाही.

दुसरी अडचण कागदाची. आता शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी लागते. आमच्या पाड्यातल्या बाया सेवा केंद्रात पट्टा घेऊन गेल्या, तर पोरगा म्हणाला गट नंबर सांगा. पट्ट्यावर जंगलाचा कंपार्टमेंट नंबर, मशीन तो घेईना. २००६ च्या कायद्यानं जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर झाली, पण कॉम्प्युटरपर्यंत ती अजून पोचलेली नाही. ज्यांचे दावे अपिलात पडलेत त्यांचं तर विचारूच नका.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, विमा म्हणजे कंपन्यांचं कुरण, लांबच राहा. मला हे पटत नाही. आपल्या आज्यांनी जोखीम वाटून ठेवली होती हे खरं. एकाच माळावर नागली, वरई, उडीद, खुरासणी, एक गेलं तर दुसरं हाताला. बी घरचं. ते मोडून सगळा प्लॉट विकतच्या बियाण्याच्या भातावर लावू नका, विमा आहे म्हणून तर मुळीच नको. पण सगळंच गेलं त्या वर्षी काय होतं? दिवाळीनंतर वीटभट्टीवाल्याची उचल घ्यावी लागते, पोरांची शाळा सुटते. ते थांबवायला सरकारी पैसा यायलाच पाहिजे. तो आपला हक्क आहे.

केंद्राच्या २०१६ च्या नियमातच मुख्य पिकाला ग्रामपंचायत हा घटक धरायला सांगितलंय. मग आपल्याकडे मंडळ का? हे तहसीलदाराला लेखी विचारायचं. प्रयोगांतले काही वरकस प्लॉटवर घ्या आणि त्या वेळी वनहक्क समितीची माणसं हजर पाहिजेत, हेही मागायचं. रानडुकराचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेतो असं केंद्रानं जाहीर केलंय, ७२ तासांत मोबाईलवर फोटो टाकायचा म्हणे. डोंगरातल्या पाड्यात रेंज आणायला झाडावर चढावं लागतं. ग्रामसभेचा पंचनामाच पुरावा धरा, असं ठरावात लिहा.

येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरानं पट्ट्याची झेरॉक्स आणावी, दावा अपिलात असेल तर त्याची पोच. कुणाचा अर्ज कुठल्या कारणानं परत आला ते वहीत नावासकट उतरवून घेऊ, आणि तीच यादी ठरावाला जोडून तहसीलला देऊ.