माळ पडीक नसतो

सहल म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक गाडी उभी राहते. पहाटे गाडीत बसायचे, गाणी म्हणायची, लेण्यांपाशी उतरायचे, फोटो काढायचे, डबे सोडायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. अशा सहलींना माझा विरोध नाही. पण सिल्लोड आणि अजिंठा यांच्यामध्ये जी तीस-बत्तीस किलोमीटर जमीन पसरलेली आहे, ती आपण खिडकीतून पाहतो की मुळी पाहतच नाही? ज्या डोंगराच्या पायथ्याशी आपण लहानाचे मोठे झालो, तो आपल्याला रस्त्याकडेच्या पाट्यांपलीकडे ठाऊक आहे का? या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपले रान आणि आपला माळ पायी किंवा सायकलवरून पाहावा, ही पहिली. आणि ज्याला आपण 'पडीक' म्हणून हिणवतो तो माळ पडीक नसतो, ही दुसरी. या दोन गोष्टी एकच आहेत, असे माझे मत आहे.

आपल्या भागातले मोठे रान म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. 1986 साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 260 चौरस किलोमीटरचे असून कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांत पसरले आहे. सिल्लोडहून कन्नड साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे एस.टी.ने सकाळी निघालो तर दुपारच्या आत रानाच्या तोंडाशी. साग, धावडा, सलई, खैर, अंजन, पळस, टेंभुर्णी ही तिथली झाडे. बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, नीलगाय, भेकर ही तिथली वस्ती. मार्च 2021 मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. तो शेकडो किलोमीटर चालत आला होता! शेते, रस्ते, गावे ओलांडून त्याने जी वाट काढली, ती कोणत्याही नकाशावर नाही. झुडपांचे ओढे, गवताळ टेकड्या, ओसाड समजले जाणारे माळ यांच्याच आडोशाने तो आला असणार. आपल्या लेखी ज्या जमिनीला किंमत नाही, तीच त्याच्या उपयोगी पडली असणार.

या डोंगररांगेची गंमत पायी चालल्याशिवाय कळत नाही. भूगोलाच्या तासाला आपण 'जलविभाजक' हा शब्द पाठ करतो. अजिंठ्याच्या पठारावर सायकल हाणत गेले की तो शब्द पोटऱ्यांना कळतो. दक्षिणेकडे उतरणारे पाणी पूर्णेवाटे गोदावरीला मिळते. उत्तरेकडचे वाघूरसारख्या नद्यांतून तापीकडे जाते. एका बाजूचे पाणी बंगालच्या उपसागरात, दुसऱ्या बाजूचे अरबी समुद्रात, आणि मधे सायकल टेकवून आपण उभे! लेणापूरच्या बाजूने पठाराच्या कडेवर गेले म्हणजे खाली वाघूरचा घोड्याच्या नालासारखा वळसा आणि समोरच्या कड्यात लेणी दिसतात. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली, असे आपण वाचतो. गौताळ्यातल्या पितळखोऱ्याची लेणी तर त्याहून अवघड जागी, दरीत उतरून पाहावी लागतात. ख्रिस्तपूर्व काळात ज्यांनी ती कोरली ते भिक्षू आणि कारागीर या वाटांनी चालतच आले होते. पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तिथे मठ स्थापला. गणिताचा मठ आणि तोही रानाच्या कुशीत! आपल्याला मात्र अभ्यास म्हणजे चार भिंती एवढेच ठाऊक.

आता माळाविषयी. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द आपण सर्वांनी वाचला आहे. ज्यात पीक येत नाही ती जमीन खराब, असा त्याचा सरळ हिशेब. हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर देशभर चालतो. झुडपी जमिनी सरकारी नकाशांतही पडीक म्हणून रंगवल्या जातात. मग तिथे खाण काढा, मुरूम उचला, नाही तर खड्डे खणून झाडे लावा. पहिल्या दोन गोष्टींबद्दल आपण निदान हळहळतो. तिसरीबद्दल मात्र टाळ्या वाजवतो. श्रमदानाच्या शिबिरात मीही टिकाव चालवला आहे आणि झाडे लावण्याच्या मी विरुद्ध नाही. गावाच्या रस्त्याला, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठाला झाडे हवीतच. पण जिथे काळ्या खडकावर वीतभर मुरूम आहे तिथे निसर्गाने गवत निवडले आहे, ते काय उगाच?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी माझ्या थोरल्या भावाबरोबर सायकलींनी गावामागच्या माळावर गेलो होतो. मोटारसायकलवरून जो माळ दोन मिनिटांत संपतो, तो आम्हाला सबंध दुपार पुरला. पवन्या, मारवेल, रोशा, कुसळी ही गवतांची नावे तिथे शेळ्या वळणाऱ्या एका आजोबांनी सांगितली. रोशाची काडी चुरगळून त्यांनी नाकाशी धरायला लावली. तो वास अजून आठवतो. एक धाविक पक्षी समोरून तुरुतुरु पळाला आणि थांबताच मातीच्या रंगात असा मिसळला की पाच जोडी डोळ्यांना तो सापडेना. ओढणीला चिकटलेले कुसळ घरी येऊन ओल्या बोटावर ठेवले तर त्याचा पीळ सुटून ते गरगर फिरू लागले. पहिल्या पावसाचा ओलावा लागला की कुसळ असेच फिरत फिरत आपले बी जमिनीत रोवून घेते. म्हणजे जो माळ आपण पडीक समजतो, तो स्वतःच आपली पेरणी करतो!

या माळावरच गावाची गुरे जगतात आणि धनगरांची मेंढरे चरतात. गवताची मुळे माती धरून ठेवतात म्हणून खालच्या शेतांची माती राहते. लांडगा, खोकड, चंडोल, तित्तर यांना दाट जंगल नको असते, मोकळा माळच हवा असतो. माळढोकाचे उदाहरण घ्या. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर-नगरकडे सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. 2012 साली ते सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ गेला की माळावरचे जाते आणि ते गेल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तो माळ नीट पाहिलेलाच नसतो. म्हणून मी म्हणते की चालणे आणि जपणे या एकच गोष्टी आहेत.

काही जण विचारतील, सगळेच रानात शिरले तर रानाचे काय होईल? प्रश्न रास्त आहे. अभयारण्य ही जत्रेची जागा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगी घेऊनच जायला हवे आणि विस्तव तर मुळीच पेटवता येत नाही. वाळल्या गवतात टाकलेली एक जळती विडी डोंगर पेटवते. ठरलेल्या वाटेने, माहीतगाराबरोबर, दिवसाउजेडी, पंधरा-वीस जणांनी शांतपणे जावे. पण आवाज आणि धूर करणाऱ्या पन्नास गाड्यांपेक्षा वीस सायकली रानाला कमी जड होतात, हे कोण नाकारील?

दुसरा आक्षेप आम्हा मुलींच्या वाट्याचा आहे. "पोरींना कशाला रानात?" हे वाक्य माझ्या प्रत्येक मैत्रिणीने ऐकले आहे. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. त्या सायकलींनी आम्हाला शाळेपर्यंत नेले. बारावी झाली की त्याच सायकली ओसरीत गंजत पडतात, आणि पुष्कळदा मुलगीही घरातच राहते. आमच्या आज्या सरपणाला, गवताला, टेंभुर्णीच्या पानांना याच डोंगरात जात होत्या, तेव्हा त्यांना कुणी अडवले नाही. काम करायला रान चालते, मग पाहायला आणि शिकायला का चालू नये? आमच्या वडीलधाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

प्राध्यापकांना माझी एक सूचना आहे. वर्षातून तीन वेळा, म्हणजे पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि पळस फुलतो तेव्हा, महाविद्यालयाने एक पायी किंवा सायकल सहल काढावी. सुरुवात जवळच्या माळापासून करावी, गौताळा नंतर. भूगोल, इतिहास आणि मराठी या तिन्ही विभागांनी मिळून जावे. जे दिसेल ते एका वहीत नोंदवावे आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. गवतांची, पाखरांची, ओढ्यांची स्थानिक नावे जाणकार म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यावीत. ती माणसे गेली की ती नावेही जातील. शेजारच्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडला राहून ना. धों. महानोरांनी 'रानातल्या कविता' लिहिल्या. त्या आपण परीक्षेसाठी वाचतो. पण ज्याने पळस ओळखला नाही, त्याला पळसखेड हे नाव तरी कसे कळावे?

मित्रमैत्रिणींनो, सायकलीला थोडे तेल घाला, पाण्याची बाटली भरा, बरोबर भाकरी घ्या. सिल्लोडच्या बाहेर पडल्यावर पहिला माळ फार लांब नाही.