राजवाडा पाहणे : कंबोडियातला आणि आपल्या दारातला

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे धम्मयात्रेच्या निमित्ताने परदेशी जाऊ लागली आहेत. पूर्वी बोधगया, सारनाथ, कुशीनगर येथे थांबणारी पावले आता थायलंड, श्रीलंका, कंबोडियापर्यंत पोहोचतात. ज्यांच्या आजोबांनी गावच्या वेशीबाहेर आयुष्य काढले, त्यांच्या नातवंडांनी नॉम पेन्हच्या राजवाड्यासमोर उभे राहून छायाचित्र काढावे, याचा आम्हांला मनापासून आनंद वाटतो. आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्या आनंदाला धरूनच एक प्रश्न मांडावा, असे मनात आहे. राजवाडा पाहायचा तो कोणत्या नजरेने? आणि तो पाहायला आधी कोठे जायचे?

प्रथम कंबोडियाविषयी. नॉम पेन्हचा राजवाडा फार जुना नाही. राजा नोरोदोम याने 1866 च्या सुमारास राजधानी उडाँगहून तेथे हलवली, तेव्हापासून तो उभा राहू लागला. आजचे सिंहासनगृह तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले, म्हणजे फ्रेंच अमदानीतले. तरीही त्यात ख्मेर वास्तुकलेची सारी ओळख आहे. एकावर एक चढत जाणारी उतरती छपरे, त्यांच्या टोकांशी वर वळलेले नाग आणि मधोमध जवळपास साठ मीटर उंचीचा निमुळता मनोरा. मनोऱ्यावर चारी दिशांना पाहणारे चार चेहरे आहेत. हे चेहरे आले अंगकोर थोममधल्या बायोन मंदिरावरून. आवारातल्या बुद्धविहाराची जमीन पाच हजारांहून अधिक चांदीच्या फरश्यांनी मढवलेली आहे. पाहणारा दिपून जातो, आणि दिपून जाण्यात गैर काही नाही.

ख्मेर परंपरेतली एक गोष्ट मात्र यात्रेकरूंना सहसा कोणी सांगत नाही. तेथे दगड देवांसाठी आणि बुद्धासाठी होता; राजा स्वतः लाकडाच्या घरात राहत असे. म्हणून अंगकोर थोममध्ये मंदिरे उभी आहेत आणि राजवाडा नाहीसा झाला आहे. त्याच्या आवाराची भिंत, तळी आणि फिमेआनाकास नावाचे पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर तेवढे उरले. चौ ताक्वान हा चिनी वकील 1296 मध्ये तेथे आला होता. राजवाड्याच्या मुख्य दालनावर शिशाची कौले होती, सामान्य रयतेच्या घरावर मात्र गवतच असे आणि कौल घालण्याची तिची छाती नव्हती, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपल्या भागातल्या वयस्कर वाचकांना हे फार परक्या देशातले वाटू नये.

अंगकोर थोम ज्याने बांधले तो सातवा जयवर्मन बौद्ध होता, म्हणून आपल्याला तो विशेष जवळचा. त्याच्या काळात राज्यात 102 आरोग्यशाळा होत्या, असे ता प्रोहम येथील शिलालेख सांगतो. तेथे चारही वर्णांवर उपचार व्हावेत, अशी आज्ञा आरोग्यशाळांच्या लेखांत आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस असे लिहून ठेवणारा राजा थोरच म्हणावा लागेल. पण तोच शिलालेख हेही सांगतो की, त्या एका विहाराच्या सेवेला 3,140 गावे लावून दिलेली होती. त्या गावांतली माणसे कोण होती, धान्य कोणाच्या डोक्यावरून येत होते, हे आपण विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? दोन्ही ओळी एकाच दगडावर आहेत. इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना दोन्ही वाचून दाखवाव्यात, असे आमचे मत आहे.

वास्तू पाहण्याचा हक्कही आपल्याला सहज मिळालेला नाही. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि हौद बाटला म्हणून जमाव जमला. शेवटी किल्ला पाहू देण्यात आला, पण आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये यासाठी एक शिपाई बरोबर देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. सहलीला निघालेल्या प्रत्येक वर्गाला तो सांगावा. भिंतींची जाडी आणि तोफांची लांबी त्यानंतर मोजावी.

आता आपल्या दारातला राजवाडा. चंद्रपूरच्या गोंड राजांचा राजमहाल कोठे आहे, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा चार-दोन हात वर होतात, तेही बहुधा शहरात वाढलेल्या मुलांचे. उत्तर ऐकून बाकीचे हसतात. त्यांना ती थट्टा वाटते. कारण ज्या इमारतीला सारे शहर जिल्हा कारागृह म्हणून ओळखते, तोच गोंड राजांचा राजमहाल. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले, 1818 मध्ये इंग्रजांनी शहर जिंकले, पुढे 1854 पासून प्रत्यक्ष त्यांचाच अंमल सुरू झाला आणि राजाच्या घराचा तुरुंग झाला. देश स्वतंत्र झाला, तरी त्या घराचे काम बदलले नाही. मोहरमच्या दिवसांत आतल्या दर्ग्याच्या दर्शनासाठी कारागृहाचे दार सामान्य लोकांना उघडते, तेव्हा सर्व धर्मांची माणसे रांग लावून आत जातात. एरवी राजवाडा पाहायचा तर गुन्हा करावा लागतो किंवा गुन्ह्याचा नुसता संशय तरी यावा लागतो. देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी असल्याचे सरकारी आकडेच सांगतात, म्हणून हा दुसरा पर्याय लिहिला. त्यांत आदिवासी आणि दलित किती, हे या जिल्ह्यांतल्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

याच कारागृहाच्या आवारात 21 ऑक्टोबर 1858 रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. अहेरी-घोटच्या जंगलात गोंड, माडिया तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी लढलेला हा पंचविशीतला माणूस. त्याच्या फाशीचा पिंपळ आजही दाखवला जातो आणि त्या दिवशी आदिवासी बांधव तेथे जमतात. आपल्या समाजाचे किती जण जातात? पिंपळ म्हटला की आपल्याला बोधिवृक्ष आठवतो, हे योग्यच आहे. हा दुसरा पिंपळही आपल्याच शहरात आहे.

राजमहाल बंद असला तरी परकोट बंद नाही. सुमारे अकरा किलोमीटरची दगडी तटबंदी, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा ही चार दारे, आणि चोर, विठोबा, हनुमान, मसण, बगड या पाच खिडक्या. दारांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. अंचलेश्वर दाराजवळ बीरशहाची समाधी आहे. ती त्याची राणी हिराई हिने बांधली. अठराव्या शतकाच्या आरंभी दत्तक पुत्र रामशहा लहान असताना या बाईने राज्यही चालवले. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली कबर जगाला ठाऊक आहे. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली समाधी चंद्रपूरकरांनाही सांगावी लागते. बुरुजांवर झाडेझुडपे माजली होती, ती 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून काढली, म्हणून तटावरून चालणे शक्य झाले. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

आमच्या काही मित्रांचा येथे आक्षेप असतो. राजे-रजवाड्यांचे कौतुक आपण कशासाठी करायचे? आपल्या वाट्याला त्यांच्या राज्यात वेठबिगारच आली ना? आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण मग तोच प्रश्न नॉम पेन्हच्या छायाचित्रालाही विचारावा लागेल. राजा बौद्ध असला की वेठ गोड होत नाही. आणि भद्रावतीची विजासन लेणी तेवढी आपली, गोंडांचा परकोट त्यांचा, मार्कंड्याची देवळे आणखी कोणाची, अशी वाटणी एकदा सुरू झाली की आपल्याच वसतिगृहात एका पंगतीला बसणारी मुले उद्या तीन ठिकाणी बसतील. आपल्या विद्यालयात गोंड आणि माडिया विद्यार्थी आहेत. बुद्धवंदना त्यांना पाठ आहे. त्यांच्या राजधानीचा नकाशा आपल्याला पाठ आहे का?

शिवाय गोंड राजवटीकडे पाहायचे ते केवळ महालासाठी नव्हे. चंद्रपुरातल्या तुकूम या वस्तीचे नाव सर्वांच्या तोंडी असते. तुकूम म्हणजे तलाव बांधणाऱ्याला मिळणारी जमीन. जंगल तोडून जमीन वहितीखाली आणावी, तलाव बांधावा, आणि त्या तलावाचे पाणी जेवढ्या जमिनीला पोहोचेल तेवढी जमीन बांधणाऱ्याची, अशी ही पद्धत. परंपरा तिचे श्रेय हीरशहाला देते. 1869 मध्ये चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणाऱ्या लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानेही गोंड राजांच्या कारभाराची आणि बांधकामांची वाखाणणी केली आहे. अंगकोरचे वैभवही मंदिरांइतकेच पाण्याचे होते. तेथील पश्चिम बाराय हा तलाव आठ किलोमीटर लांब आहे. आमच्या मते ख्मेर आणि गोंड यांची खरी तुलना शिखरांत नाही, तलावांत आहे. आणि तलाव म्हटला की महाडकरांचा वारसा सांगणाऱ्या माणसाने पुढचा प्रश्न विचारायचाच : तलाव बांधताना माती कोणी वाहिली आणि बांधून झाल्यावर घाटावर कोणाला उतरू दिले? ब्रह्मपुरीपासून सिंदेवाहीपर्यंत माजी मालगुजारी तलावांकाठच्या म्हाताऱ्या माणसांना याचे उत्तर ठाऊक आहे. ती माणसे आहेत तोवर मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे.

कारागृह शहराबाहेर हलवावे, ही मागणी नवी नाही, आणि आमचा तिला पाठिंबा आहे. मात्र मोकळ्या झालेल्या महालात केवळ तिकीटघर आणि रोषणाई नको. राजाची खोली जशी दाखवावी तशी कैद्याची कोठडीही दाखवावी. एकाच भिंतीआड गोंड, भोसले, इंग्रज आणि आपले स्वतःचे सरकार यांनी काय काय केले, ते गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहावे.

सरकार हलेल तेव्हा हलेल. विद्यालयाला तोवर थांबण्याचे कारण नाही. दरवर्षी सहलीची बस दूरदूर जाते, पैशाअभावी निम्मी मुले मागे राहतात. एक वर्ष बस बल्लारपूरपर्यंतच न्यावी. वर्धा नदीच्या काठी गोंडांच्या आधीच्या राजधानीचा किल्ला आहे, तो सकाळी पाहावा. दुपारी पठाणपुरा दारापासून तटाच्या कडेने पायी निघावे आणि डबे रामाळा तलावाच्या काठी उघडावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे स्थापत्य अभियंते झाले आहेत, त्यांनी त्या दिवशी मोजपट्टी घेऊन यावे आणि चार दारांपैकी एका दाराचे माप मुलांकडून घेऊन त्याचे चित्र काढून घ्यावे. जटपुरा दारात वाहनांची फार गर्दी असते. तेव्हा बिनबा बरे.